तीन सवतींचा संसार

शेवटी जुन्या विंडोजवाल्या लॅपटॉपने मान टाकली आणि घरात मॅकबुक आलं. आठवडा झाला, पण बोटं अजून कंट्रोलच शोधतात. कॉपी करायला इथे कमांड दाबायचं! या वयात हाताला नवं वळण लावायचं म्हणजे... असो.

गंमत बघा. मशीन ॲपलचं, लिहायला वर्ड मायक्रोसॉफ्टचं, आणि मेल, फोटो सगळं गूगलकडे. नांदतात मात्र माझ्याच मांडीवर. तसं त्यांचं तरी एकमेकींवाचून कुठे चालतं? १९९७ साली ॲपल डबघाईला आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच १५ कोटी डॉलर घातले आणि पाच वर्षं मॅकसाठी ऑफिस देत राहायचं कबूल केलं. सफारीत आपलंच सर्च असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं.

माझा जीव मात्र बाबांच्या आठवणींच्या फायलींत अडकलाय. त्या त्यांनी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! तिघींपैकी एकीलाही तो वाचता येत नाही. मग कन्व्हर्टरमधून काढून एकेक पान डोळ्यांखालून घालतेय. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

बारा पानं झाली आहेत. अण्णाकाका, तुमच्याकडे बाबांनी दिलेली छापील प्रत असेल तर पाठवाल का? आजीच्या तोंडचा एक शब्द काही केल्या लागत नाहीये.