शेपटी कुणाच्या हातात होती?

‘‘घरातल्या पाली हाकलायला झाडू घेऊन धावायचं, आणि ही दुकानातून विकत आणायची?’’

2010 साली न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी घरात हा वाद चालू होता. नऊ वर्षांच्या लेकीला लेपर्ड गेको पाळायची होती. धाकट्याच्या दम्यामुळे मांजर बाद होतं, आणि आईमुळे कुत्रं. वडिलांनी इतिहास काढला. ही मूळची अमेरिकेची नाहीच. 1854 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातल्या एडवर्ड ब्लाइथनं हिचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांमधल्या नमुन्यावरून. ‘‘म्हणजे आपल्याकडचीच की गं!’’

आईला हे सांगायची गरज नव्हती. महाराष्ट्रातल्या कोरड्या, खडकाळ माळांवर हिचीच एक भाऊबंद जात राहते. सासवडला लहानपणी अशीच एक पाल विषारी म्हणून ठेचलेली तिनं पाहिली होती. मुळीच विषारी नसते, हे तिला मोठेपणी कळलं. पण विषारी नाही म्हणून आवडायलाच हवी असं थोडंच आहे!

‘‘आणा. मी हात लावणार नाही.’’

आणली तेव्हा अंगावर आडवे पट्टे होते. मोठी होता होता पट्टे फुटून पिवळ्यावर काळे ठिपके उमटले आणि नाव पडलं बुंदी. काचेच्या टँकखाली एका बाजूला ऊब देणारी मॅट असते, तिला थर्मोस्टॅट नसेल तर पालीचं पोट भाजू शकतं. ही गोष्ट घरात वाचून काढली ती हात न लावणाऱ्या बाईनंच. शाकाहारी घरात जिवंत रातकिडे आले, काही निसटून सोफ्याखाली गेले, त्याबद्दल कमी बोललेलं बरं.

बुंदीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नव्हत्या, त्यामुळे ती भिंतीवर चढत नसे. तिला पापण्या होत्या; ती चक्क डोळे मिटून झोपे. शी ठरलेल्या एकाच कोपऱ्यात. कात टाकली की स्वतःच खाऊन टाकायची. ‘‘या घरात शिस्तीची हीच एक,’’ असं आई मुलांना ऐकवू लागली. हात मात्र लावत नव्हती.

29 ऑक्टोबर 2012. सँडी वादळ किनाऱ्यावर आदळलं त्या रात्री वडील पुण्यात होते; आजीचं ऑपरेशन होतं. वीज गेली. राज्यात वीस लाखांहून जास्त जोडण्या बंद पडल्या होत्या. विजेविना भट्टीचा पंखा फिरेना, घर गार पडू लागलं. मॅटही थंड. बुंदीनं संध्याकाळीच भरपेट खाल्लं होतं, आणि ऊब नसेल तर या प्राण्यांचं अन्न पोटात तसंच राहतं, हेही आईनं वाचलेलं होतं. गॅस काडीनं पेटत होता. तिनं पाणी तापवून शेकायची रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि टँकवर टॉर्च धरला. ‘‘काढा तिला.’’

दोन मुलं, चार हात. तेवढ्यात अंगणात फांदी कडाडून मोडली. सगळे दचकले, टॉर्चचा उजेड छतावर गेला, परत खाली आला तेव्हा बुंदी एकीकडे आणि शेपटी दुसरीकडे. तुटलेली शेपटी गालिच्यावर वळवळत राहिली, थांबेचना. धाकटा किंचाळत सुटला. लेक शेपटीकडे बघत नुसती उभी. आईनं टॉर्च खाली ठेवला, बुंदीला सरळ ओंजळीत उचललं आणि शालीत घेतलं. शेपटी टिश्यूत गुंडाळून टाकली तीही तिनंच.

वीज यायला आठवडा लागला. हॅलोवीन सरकारी आदेशानं 5 नोव्हेंबरवर गेला. गाडीच्या नंबरच्या सम-विषम हिशेबानं पेट्रोल मिळू लागलं. बुंदी रबरी पिशवी आणि आईचं पोट यांच्या मध्ये झोपत होती. पुण्याहून फोन आला की आई म्हणे, ‘‘सगळं ठीक आहे. तुम्ही आईंकडे लक्ष द्या.’’ दिवाळीला घरी परतलेल्या वडिलांना ते थोटूक दिसलं आणि ते आधी रागावले, मग देवघरापाशी जाऊन बसले. कुणी काही समजावलं नाही.

नवी शेपटी आली ती नवलकोलासारखी, गोल आणि गुळगुळीत. तिच्यात मणके नसतात, नुसती कूर्चा असते.

भावाबहिणीचं भांडण मात्र जुन्या शेपटीवरूनच चालू राहिलं. ‘‘तू ओढलीस.’’ ‘‘ताई, तुझ्या हातात होती.’’ दोघं कॉलेजला गेली तरी फोनवर तेच. टँक आईच्या खोलीत हलला. कुणी विचारलं तर ती म्हणे, ‘‘तिथं ऊन चांगलं येतं.’’ निशाचर प्राण्याला ऊन कशाला, हे विचारायची वडिलांची छाती नव्हती.

बुंदी पंधरा वर्षांची होऊन एका फेब्रुवारीत गेली. अंगणातली माती दगडासारखी गोठलेली, कुदळ लागेना. तेव्हा फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी, एक डबा ठेवला गेला. आईनं त्यावर नाव लिहिलं. पाडव्याला आलेल्या मावशींनी बर्फ काढताना तो बाहेर काढून विचारलं, ‘‘बुंदी आहे? लाडू वळायचे का?’’ आई ताटावरून उठून धावली.

माती सैल झाली तेव्हा दोन्ही मुलं घरी आली. वडिलांनी खड्डा खणला. डबा खाली ठेवायच्या आत भांडण सुरू झालंच.

‘‘टॉर्च माझ्या हातात होता,’’ आई म्हणाली. ‘‘मी पाहिलंय.’’

दोघं गप्प झाली. मग एकदमच म्हणाली, ‘‘कोण?’’

‘‘आधी माती लोटा,’’ असं म्हणून ती हात धुवायला आत गेली.