फेरूलपासून माठापर्यंत

२० एप्रिल
नळ एक दिवसाआड. आज पहाटे आला, धार करंगळीएवढी. एक गुंड भरायला पाव तास. समोरच्यांकडे मात्र धो-धो. गल्लीतली लाइन दोघांची एकच, तीही नवी.

२२ एप्रिल
मुलाने टिल्लू पंप आणला, थेट नळाला जोडला. गुंड भराभर भरले. आधी तांबूस, मग गढूळ, मग स्वच्छ. सूनबाई म्हणते वास येतो. मला सर्दी, काही कळलं नाही.

४ मे
पारा ४५. कूलरच अर्धं पाणी पितो. टिल्लू जोरात.

१९ मे
नात जेवत नाही. दोनदा ओकली.

२१ मे
डोळे पिवळे. कावीळ, ए प्रकारची. घरात सगळे बर्फगोळेवाल्यावर घसरले.

२२ मे
कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता घेऊन तिघीजणी येऊन गेल्या. सूनबाईने सगळ्यांना चहा दिला, पत्ता एकीचाही घेतला नाही. पाणी उकळून, गाळून. गॅस किती जातो!

२५ मे
नवतपा लागला. आशाताई ओटी टेस्टची बाटली घेऊन आल्या. समोरच्यांचं पाणी, दोन थेंब: पिवळं. आमचं पाणी, दोन थेंब: जसंच्या तसं. पुन्हा केलं. तसंच.
"काकू, तुमच्याकडे येईपर्यंत क्लोरीन संपून जाते. पाइप कुठून येते तुमचा?"
घरात कुणालाच सांगता आलं नाही. मामंजींना माहीत असणार, ते गेले.
संध्याकाळी मुलाने टिल्लू सोडवला. काही बोलला नाही.

२७ मे
रस्ता फोडायच्या परवानगीचा अर्ज. मुख्य लाइनीवरच्या फेरूलपासून आतलं सगळं ज्याचं त्याने बघायचं.
परकोटाच्या आतलं जुनं घर. गोंडराजांच्या काळात रामाळा तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी या शहरात फिरायचं. शाळेत हे दरवर्षी शिकवलं. स्वतःच्या नळाचा रस्ता माहीत नाही.

१ जून
खोदलं. जीआयचा अर्ध्या इंचाचा पाइप आडवा नालीतून गेलेला. काळ्या गाळात बुडालेला. बेंडवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून तार आवळलेली. मिस्त्रीने पट्टी सोडवली. खाली भोक, तांदळाचा दाणा जाईल एवढं.
पाइप कापून दाखवला. आत गंजाचे थर, मधून पेन्सिलही जाईना.
"याच्यात पाणी कुठून येईन, काकू? नळ बंद असला का नालीचं आत जाते. वरून टिल्लू लावला, मग तं ओढूनच घेते."
मुलगा आत निघून गेला.
इरई धरणातून निघालेलं, शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेलं पाणी. घाण झालं आमच्या दारात.

३ जून
निळा एमडीपीई पाइप, मध्ये जोड नाही. नालीच्या वरून नेला, भोवती जाड पाइपाचं कवच. फेरूल नवं. टाकी ब्लीचिंगने धुतली. पहिलं पाणी सोडून दिलं.

५ जून
नात अर्धी पोळी जेवली. वरण मागितलं.

७ जून
मृग. रात्री पाऊस, नाली काठोकाठ.
सकाळी नळाला पाणी, टिल्लूशिवाय. आशाताईंना मुद्दाम बोलावलं. दोन थेंब: पिवळं.
समोरच्यांचा पाइपही त्याच नालीतून जातो. अजून फुटला नाही, एवढंच. त्यांना मिस्त्रीचा नंबर दिला. दिवाळीनंतर बघू म्हणाले.