अप म्हणजे वर, एवढंच शिकले होते

मिरजेच्या आमच्या मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. 'अप म्हणजे वर, डाऊन म्हणजे खाली' हे पाठ व्हायला एक तास पुरला आणि तो विषय माझ्यापुरता संपला. पुढे नर्सिंगचं शिक्षणही इंग्रजीत झालं. इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरमधल्या लिचफील्डजवळ एका केअर होममध्ये कामाला लागले तेव्हा धास्ती होती ती लांबलचक शब्दांची. पण डिहायड्रेशन, हायपरटेन्शन ही मंडळी जुन्या ओळखीची. घाम फोडला तो या एवढ्याशा 'अप'ने.

रात्रपाळीची सहकारी सकाळी हँडओव्हर देते. पहिल्या खोलीतल्या आजी 'अप' आहेत, म्हणजे उठल्या आहेत. इथवर ठीक. शेजारच्या आजोबांचा गुडघा 'प्लेइंग अप', म्हणजे कुरकुरतोय. त्यात खेळ कसला? पलीकडच्या बाईंनी नाश्ता 'ब्रॉट अप', म्हणजे उलटी झाली. एकाचा डोस डॉक्टरांनी 'अप' केलाय, म्हणजे 'अप' आता क्रियापदही झालं. आणि आधी कोणाला आंघोळ घालायची ते 'अप टू यू', तुझं तू ठरव. मी वहीत लिहून घेत होते आणि माझी पाचवी डोळ्यांसमोर कोसळत होती.

त्यातही 'ब्रॉट अप' फार पोचलेलं. त्याच बाईंचा मुलगा दुपारी भेटायला आला आणि म्हणाला, आईनं मला एकटीनं 'ब्रॉट अप' केलं. म्हणजे लहानाचं मोठं केलं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कोणी तरी सुट्ट्यांचा विषय 'ब्रॉट अप'. उलटी, संगोपन आणि चर्चेचा मुद्दा, तिघांना एकच शब्दजोडी! स्वयंपाकघरातल्या 'वॉशिंग अप'चा अर्थ इथं भांडी घासणं, अमेरिकेत मात्र हाततोंड धुणं. कोणाला यायला उशीर झाला तर कारण मिळतं, 'रोड इज अप'. रस्ता वर कुठं गेला? कुठं नाही; पाइपलाइनसाठी खणून ठेवलाय. खड्डा खाली आणि रस्ता 'अप'!

सुटीत लंडनला जायचं ठरलं. लंडन आमच्या दक्षिणेला, नकाशावर खाली. इथली माणसं 'डाऊन टू लंडन' म्हणतात. रेल्वेवाल्यांच्या भाषेत मात्र लंडनकडे जाणारी लाइन 'अप', मग ती दक्षिणेला जावो की उत्तरेला. हे ऐकल्यावर आपल्याकडच्या रेल्वेतल्या 'अप-डाऊन'चाही उलगडा झाला. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती ब्रिटिश कंपनीची. मुख्य स्थानकाकडे येणारं ते 'अप' ही त्यांची रीत आपल्याकडेही रुजली. म्हणून मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी बोरघाट चढते ती 'डाऊन' दिशेनं, आणि घाट उतरून मुंबईला येते ती 'अप'. आपण रोज 'अप-डाऊन' करतो, पण त्यात चढ-उताराचा काही संबंध नाही, हे कधी मनात आलं नव्हतं.

लिचफील्डच्या बाजारचौकात सॅम्युअल जॉन्सनचं घर आहे. 1709 साली तो तिथं जन्मला. खाली वडिलांचं पुस्तकांचं दुकान होतं. आता तिथं संग्रहालय आहे. 1755 साली त्यानं इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की क्रियापदाला असा छोटासा शब्द चिकटवून अर्थ बदलायची आमच्या भाषेला खोड आहे आणि परक्यांना सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. काही जोड्या मूळ अर्थापासून इतक्या भरकटल्यात की त्या तिथवर कशा पोचल्या, हे कोणाच्याही अकलेला उमगणार नाही, अशीही कबुली तो देतो. हे वाचून जिवात जीव आला. ज्यानं एवढा कोश रचला त्यानंच हात टेकले होते.

तरी एक गठ्ठा सुटला. पेल्यात औषध उरलं की सहकारी म्हणते, 'ड्रिंक अप'. मी मनातल्या मनात म्हणते, पिऊन टाका. 'ईट अप', खाऊन टाका. 'टेअर अप', फाडून टाका. हा 'अप' म्हणजे आपलं 'टाकणं'च की! काम शेवटास न्यायचं, मागे काही ठेवायचं नाही. मराठी शिकणारा एखादा गोरा 'खाऊन टाक' ऐकून विचारेलच, खायचं की टाकायचं? आणि मी तरी काय सांगणार? 'लिहून टाक' म्हणते, 'सांगून टाक' म्हणते, पण 'ये' आणि 'टाक' जोडून 'येऊन टाक' कधी म्हणत नाही. का नाही, ते मला कोणी शिकवलेलं नाही. गुडघा 'अप' का खेळतो असं विचारल्यावर सहकारी खांदे उडवते, तेव्हा आता राग येत नाही. तिलाही कोणी शिकवलेलं नाही.

म्हणून 'का'चा नाद सोडला. जोडी आली की अख्खी एकच शब्द समजून वहीत उतरवायची, शेजारी कुठल्या खोलीत ऐकली ते लिहायचं. वही भरत चालली आहे. न विचारता, न लिहिता कळलेला 'अप' त्यात एकच. डबल शिफ्ट संपताना तो सगळ्यांच्याच तोंडी असतो: 'फेड अप'.