चार आरक्षणे, एक प्रवास

“अहो, आपण जाणार किती जण?” सौभाग्यवतींनी विचारले.

“दोघे.”

“मग खोल्या चार कशा?”

टेबलावर चार कागद होते. चार वेगवेगळे आरक्षण-क्रमांक, चार इसाराच्या पावत्या आणि त्यांच्याशेजारी मी मोठ्या हौसेने आखलेला तुलनेचा तक्ता. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला रकान्यांचे वेड असते. त्या रकान्यांत सर्व काही होते. या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते.

आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती. मुलगा नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलला असतो. तिथून उन्हाळ्यात अलास्काला जाणारी जहाजे सुटतात. सात रात्रींचा जलप्रवास, हिमनद्यांचे दर्शन आणि परत सिअ‍ॅटल. जून महिन्यात जायचे, एवढे मागल्या दिवाळीतच ठरले. ठरले नव्हते ते एवढेच, की कोणत्या जहाजाने आणि कोणत्या भावाने.

या व्यवसायाची रीत आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जहाजावरील खोलीचा भाव स्थिर नसतो; मागणीप्रमाणे तो चढतो आणि उतरतो. आरक्षण करताना पूर्ण रक्कम द्यावी लागत नाही. आम्हांला माणशी २५० डॉलर इसार भरावा लागला. उरलेली रक्कम निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी, ठरलेल्या तारखेस भरायची. इसार परत मिळणाऱ्या प्रकारचा असेल, तर त्या तारखेपर्यंत आरक्षण रद्द केल्यास पैसे परत मिळतात. इसार परत न मिळण्याचा स्वस्त प्रकारही असतो. पहिल्या प्रकारात ग्राहकाला भाव बांधून मिळतो आणि माघारीची वाटही मोकळी राहते. ज्याला बाजारात ‘तेजी लावणे’ म्हणतात, तो अधिकार इथे नजराणा न देताच हाती येतो. असा व्यवहार दिसल्यावर जुना बँकवाला गप्प कसा बसणार?

पहिले आरक्षण मुलाने थेट कंपनीकडे केले. दुसरे मी आमच्या गल्लीतल्या एका तरुणाकडे केले. त्याने नुकताच प्रवास-व्यवसाय सुरू केला होता. त्याचे वडील आणि मी एका पाठशाळेत शिकलो. हे दुसरे आरक्षणही त्याच जहाजाचे, त्याच तारखेचे. तिसरे दुसऱ्या कंपनीच्या जहाजाचे, त्याच आठवड्यातले. चौथे पहिल्याच जहाजाच्या पुढच्या फेरीचे, अमेरिकेतील एका दलालामार्फत. कारण तो जहाजावर खर्चायला शंभर डॉलरची जमा देत होता. मुलाच्या कार्डावर दोन हजार डॉलर अडकले. ते परत मिळणारच होते, म्हणून मी त्यांना खर्च मानले नाही.

तुलना करताना पुष्कळ शिकायला मिळाले, हे मान्य केले पाहिजे. जाहिरातीतील भाव माणशी असतो आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. बंदराचे कर कधीकधी वेगळे, सेवकवर्गाची बक्षिसी दररोज माणशी वेगळी. सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजे परतताना बहुधा कॅनडातील व्हिक्टोरिया बंदराला लागतात. त्याचे कारण १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी निशाणाच्या जहाजाला केवळ अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी नेण्या-आणण्यास तो कायदा मनाई करतो, म्हणून वाटेत एक परदेशी बंदर घ्यावे लागते. परिणामी आपल्या भारतीय पारपत्रावर अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. हा खर्च आणि हा वेळ कोणत्याही जाहिरातीत नसतो. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेले जेवण हवे असेल तर तसे आधी लेखी कळवावे लागते. हे सारे रकाने मी भरले. तळाशी बेरीज केली तेव्हा सर्वांत स्वस्त आणि गल्लीतल्या तरुणाचा भाव यांत ७४ डॉलरचा फरक उरला. तो आणखी हलेल या आशेवर मी डिसेंबर, जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी थांबून राहिलो.

एक गोष्ट मी तक्त्यात लिहिली नव्हती. एकाच सफरीवर एकाच प्रवाशाची दोन आरक्षणे आढळल्यास कंपनी ती परस्पर रद्द करू शकते, अशी अट बारीक अक्षरांत होती. म्हणून मुलाने थेट केलेले आरक्षण त्याच्या आणि सूनबाईंच्या नावे ठेवले होते. ती दोघे येणार नव्हतीच. “बाबा, नावं नंतर बदलता येतात,” तो म्हणाला आणि मी मान डोलावली. सौभाग्यवतींचे बोट नेमके त्याच कागदावर थांबले. “पोरं कुठं येणार आहेत?” त्या म्हणाल्या. मी चहा घेतला आणि विषय टाळला.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्या तरुणाचा फोन आला. “काका, तुमचं पक्कं धरू ना? आणि एक विचारायचं होतं. आपल्याच समाजातलं एक कुटुंब त्याच फेरीला निघालंय. त्यांच्या आईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. लिफ्टजवळची खोली हवी आहे, पण त्या वर्गातल्या सगळ्या गेल्या. तुमच्या ओळखीत कुणी रद्द करणार असेल तर सांगा.”

जहाज तीनशे मीटरच्या आसपास लांब असते. लिफ्टपासून टोकाच्या खोलीपर्यंत चालणे म्हणजे वृद्ध माणसाला रोज दोन-तीनदा छोटी यात्राच. आणि लिफ्टला लागून असलेली एक खोली, जिच्यात कोणीही राहणार नव्हते, ती माझ्या मुलाच्या नावावर अडकून पडली होती.

मी “पाहतो” म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दुपारी मला वडिलांच्या दुकानाची आठवण झाली.

बार्शीच्या कापडपेठेत आमचे छोटे दुकान होते. लगीनसराईत गिऱ्हाइके दहा साड्या उलगडायला लावत. त्याचा वडिलांना कधी राग आला नाही. “चार दुकानं हिंडणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे,” असे ते म्हणत. पण काही गिऱ्हाइके “ही बाजूला ठेवा, उद्या नेतो” म्हणून जात आणि दुसऱ्या दुकानातही तसेच सांगून ठेवत. बाजूला ठेवलेली साडी दुसऱ्याला दाखवता येत नसे. मुहूर्त उलटून गेल्यावर ती आमच्या गळ्यात पडे. शेवटी वडिलांनी नियम केला, की साडी दुसऱ्या दिवसाच्या दिवेलागणीपर्यंतच ठेवायची, पुढे नाही. भाव विचारल्याने दुकानातले काही कमी होत नाही. माल अडवल्याने मात्र तो तिसऱ्याच माणसाला कमी पडतो. हा फरक त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून कळत होता.

बँकेत तर मी स्वतःच या प्रकाराने पोळलो होतो. काही कर्जदार तीन बँकांकडून मंजुरीपत्रे घेत. एकीचे पत्र दुसरीला दाखवून व्याज घासून कमी करत आणि आम्ही राखून ठेवलेली रक्कम तशीच पडून राही. न उचललेल्या मर्यादेवर बँका बांधिलकी-आकार लावतात, तो याचसाठी. अशा कर्जदारांविषयी मी शाखेत काय काय बोललो होतो, ते आठवून त्या दुपारी मला चांगलेच अवघडल्यासारखे झाले.

माझ्या बाजूनेही युक्तिवाद होता आणि तो मी स्वतःला ऐकवून पाहिला. कंपनीचा भाव संगणक ठरवतो. त्याला ना दया, ना माया. रद्द करण्याची मुभा कंपनीनेच दिली आहे आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठीच दिली आहे. ती वापरण्यात चोरी कसली? कंपनीपुरते हे उत्तर मला आजही खोटे वाटत नाही. परंतु नुकसान कंपनीचे होतच नव्हते. ते त्या आईंचे होत होते आणि त्या तरुणाचे होत होते. ग्राहकाने अंतिम रक्कम भरल्याशिवाय प्रवास-दलालाला दलालीचा एक पैसा मिळत नाही. माझ्यासाठी त्याने महिनाभर केलेली पत्रापत्री मी आरक्षण रद्द करताच शून्यावर येणार होती. शिवाय अट चुकवण्यासाठी मुलाचे आणि सुनेचे नाव पुढे केले होते. ते नियमाच्या कोणत्या कलमात बसत होते?

अनर्थदंडविरती व्रताच्या अतिचारांत ‘उपभोगपरिभोगानर्थक्य’ नावाचा एक अतिचार येतो. गरजेपेक्षा अधिक भोगसामग्री गोळा करणे, असा त्याचा अर्थ. पाठशाळेत हा लांबलचक शब्द पाठ करताना आम्हां मुलांना हसू येई. तेव्हा डोळ्यांसमोर येत ते धान्याच्या कोठ्या आणि कपड्यांच्या पेट्या. ज्या खोलीत आपण पाऊलही टाकणार नाही, ती केवळ नावावर अडवून ठेवणे हाही त्याचाच प्रकार आहे, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

संध्याकाळी मी त्या तरुणाच्या दुकानात गेलो आणि सारे सांगितले. चारही आरक्षणांविषयी सांगितले. तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मला वाटलं होतं तुम्ही फक्त माझ्याकडेच केलंय.” यात आरोप नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. मुलाला फोन करून तीन आरक्षणे त्याच रात्री रद्द केली. तरुण संगणकापुढे बसून होता. तासाभराने लिफ्टजवळची ती खोली पुन्हा यादीत दिसली आणि त्याने ती त्या कुटुंबासाठी घेतली. मात्र नोव्हेंबरात आम्ही घेतली तेव्हाच्या भावापेक्षा आता ती दोघांमिळून १८० डॉलरने महाग झाली होती. भाव त्याच्या हातात नव्हता आणि माझ्याही नव्हता. तरी ते १८० डॉलर कोणामुळे गेले, हे आम्हां दोघांना ठाऊक होते.

त्याच वेळी त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. “काका, अंतिम रकमेच्या तारखेआधी भाव उतरला तर त्याच आरक्षणावर कमी करून मागता येतो. परत मिळणाऱ्या इसाराच्या आरक्षणावर मी ते नेहमी मागतो. तुम्ही नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं.” म्हणजे ज्या लाभासाठी मी चार खोल्या अडवल्या, तो एका खोलीवरही मिळण्यासारखा होता!

जूनमध्ये आम्ही निघालो. जूनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची चिंताच उरली नाही. स्कॅगवे येथे १८९८ सालच्या सोन्याच्या धावपळीची कथा ऐकली. खिंड ओलांडून कॅनडात शिरणाऱ्या प्रत्येकाने वर्षभराची शिधासामग्री, जवळजवळ एक टन वजनाची, सोबत नेली पाहिजे असा तिथल्या अधिकाऱ्यांचा दंडक होता. माणसे तेच ओझे थोडे थोडे करून पुन्हा पुन्हा चढ चढत. त्यांना निदान त्या ओझ्याची गरज होती. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश देतात. परिमाण आखून घेतल्याने त्या खाडीची शांतता टिकली आहे, असे मला वाटले.

त्या आई आम्हांला दुसऱ्याच दिवशी भेटल्या. लिफ्टच्या समोरून काठी टेकत आल्या आणि “जय जिनेंद्र” म्हणाल्या. “खोली बाई अगदी दारात मिळाली,” त्यांनी सौभाग्यवतींना कौतुकाने सांगितले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले.

सबंध आठवडा मला त्यांच्या मुलाशी बोलण्याचा धीर झाला नाही. तो धान्याचा व्यापारी, मोकळा माणूस. सप्टेंबरात क्षमावाणी आली. दरवर्षी आपण सर्वांना ‘कळत-नकळत’ झालेल्या चुकांची क्षमा मागतो आणि तेच शब्द भ्रमणध्वनीवरून शंभर जणांना धाडतो. यंदा माझी चूक कळत झालेली होती आणि तिचा आकडाही मला ठाऊक होता. मी त्याला पत्र लिहिले, हकीगत कळवली आणि १८० डॉलरच्या रुपयांचा धनादेश सोबत ठेवला.

आठ दिवसांनी धनादेश परत आला. सोबत चार ओळी होत्या. त्याने लिहिले होते, की आईला खोली मिळाली, हिशेब पुरा झाला. शेवटी मात्र त्याने एक वाक्य जोडले होते, ‘काका, हंगामात मीही दोन-दोन ट्रक सांगून ठेवतो आणि एक ऐनवेळी नको म्हणतो; ट्रकवाल्याचा विचार मी कधी केला नव्हता.’

तो धनादेश मी रद्द करून त्या चार पावत्यांसोबत ठेवला आहे. पुढच्या वर्षी श्रवणबेळगोळला जायचे आहे. धर्मशाळेत खोली सांगायची आहे. एकच सांगायची, असे सौभाग्यवतींनी आत्ताच बजावले आहे.