३० पैकी २६

अण्णा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या आजाराचं निदान लांबलं, त्याचं एक कारण हेच.

गर्दीत उभ्या उभ्या फुल-हाफचा हिशेब तोंडी करायचा आणि ड्यूटी संपली की डेपोत वेबिल आणि कॅश जुळवायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर विट्याच्या घरी भाजीवाल्याचा हिशेबही तेच करत. त्यामुळे एकच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारायला लागले, पेन्शनचं पासबुक पिठाच्या डब्यात सापडलं, तरी यांच्या डोक्याला काही झालं असेल हे कुणाला पटेना. नेहमीच्या डॉक्टरांनाही नाही. ‘वय झालं, एवढं चालायचंच,’ असं म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

या उत्तराचा मला आजही राग येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या त्र्याण्णवांचंही वय झालेलंच असतं. पण ते पहाटे उठून डेपोत आपली ड्यूटी विचारायला जात नाहीत. अण्णा गेले. कंट्रोलर ओळखीचे होते. त्यांनी चहा सांगितला, शेजारी बसवून ठेवलं आणि दादाला फोन केला.

मग मिरज. तिथे आधी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक होतं, बी-१२ मात्र फारच कमी निघालं. अण्णा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत होते आणि त्या गोळीने बी-१२ उतरू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. बी-१२ कमी पडल्यानेही विसरायला होतं आणि ते भरून काढता येतं, म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. आम्हाला किती हुरूप आला होता! तळपायांची बधिरता खरोखरच कमी झाली. विसरणं जिथल्या तिथे राहिलं.

पुढच्या भेटीत त्यांची तोंडी परीक्षा झाली, ३० गुणांची. आज तारीख काय, वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. डॉक्टरांनी ‘आंबा, टेबल, रुपया’ हे तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले आणि मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. अण्णा खुर्चीत ताठ झाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. पाच उत्तरं पुरे असतात, म्हणून डॉक्टरांनी हात वर केला, तरी ते ‘अठ्ठावन्न, एक्कावन्न’ म्हणतच होते. त्यानंतर ते तीन शब्द विचारले. अण्णा बराच वेळ टेबलावरच्या पेनाकडे पाहत राहिले. एकही शब्द आठवला नाही. तारीखही चुकली होती. एकूण गुण २६.

‘२४च्या खाली असते तर काळजी होती,’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं.

बेरीज पाहिली, पण गुण कुठे गेले ते पाहिलं नाही. थोड्या वेळापूर्वीचं आठवण्याचे तिन्ही गुण गेले होते आणि तोच तर आमचा प्रश्न होता. ज्याने आयुष्यभर वजाबाक्या केल्या, त्याच्या वजाबाकीवरून डोकं शाबूत असल्याचा निर्वाळा कसा देता येईल? चौथी शिकलेल्या बाईला याच परीक्षेत उगाच कमी गुण पडत असतील, तर अण्णांसारख्याला उगाच जास्त पडणारच.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी वेगळंच केलं. दोन-चार प्रश्न झाल्यावर त्यांनी दादाला अण्णांना घेऊन ईसीजी काढायला पाठवलं आणि खुर्ची आईकडे वळवली. ‘आता तुम्ही सांगा.’

तोवर प्रत्येक डॉक्टरांपुढे आई ‘तसं बरं आहे’ एवढंच म्हणायची. नवऱ्यादेखत त्याचं उणं कसं काढायचं? आता ती बोलायला लागली आणि थांबेचना. व्यवहार कोण बघतं, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, हे कधीपासून, असं बाई विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले आणि कशाला आलो ते विसरून परत आले. सख्ख्या बहिणीचा दहावा करून आल्यावर संध्याकाळी ‘आक्काला फोन लाव’ म्हणाले. यातलं बरंचसं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानंतर सविस्तर चाचण्या आणि एमआरआय झाला. नव्या आठवणी जिथे घडतात तो मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, दोन्ही बाजूंनी आक्रसला होता. अल्झायमर.

अण्णांना सांगू नये असं घरात बहुतेकांचं मत होतं. पण त्यांनी स्वतःच विचारलं, ‘बाई, मला नेमकं काय झालंय?’ आणि बाईंनी सोप्या मराठीत, घाई न करता सांगितलं. हा आजार बरा होत नाही, हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, ‘मग माझी सही चालतीय तोवर कागदं करून टाका.’

तशी ती झाली. खातं आईच्या जोडनावावर झालं, मृत्युपत्र झालं, त्याला डॉक्टरांचा दाखला जोडला. हे सगळं अण्णांनी स्वतः वाचून, समजून केलं. ‘वय झालं’ यावर आम्ही थांबलो असतो, तर ही वेळ निघून गेली असती.

डोनेपेझिल सुरू झालं. ते रात्री घेतलं की अण्णा विचित्र स्वप्नं पडून दचकून उठायचे, आईला ओळखायला त्यांना वेळ लागायचा. पुढच्या तपासणीला आत शिरता शिरता आईच बाईंना म्हणाली, ‘ह्यांना जरा बाहेर बसवा, मला बोलायचंय.’ बाईंनी गोळी सकाळी न्याहारीनंतर द्यायला सांगितली. झोप आता बरी लागते.