तीन आणि चार

शाळेत माझे गणित कच्चेच होते. पण तीन अधिक चार सात आणि चार अधिक तीनही सातच, याबद्दल मला कधी शंका नव्हती. सत्तरीपर्यंत जपलेला हा विश्वास गेल्या चैत्रात ढासळला.

माझ्या प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने काढलेले १२ तुकडे तपासणीला गेले होते. अहवाल संध्याकाळी आला. तो मी एकट्यानेच वाचला. कर्करोग, ग्लीसन ७. हा हिशेब दहापर्यंत जातो, एवढे ऐकून होतो. शाळेत दहापैकी सात मिळाले असते तर वडिलांनी पेढे वाटले असते! हिला काही बोललो नाही. रात्रभर त्या साताशी झुंजत राहिलो.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "काका, नुसती बेरीज पाहून घाबरलात. तिच्या पोटातले आकडे पाहिलेत का?"

अहवालात '३+४' असे लिहिले होते.

मग त्यांनी समजावले. अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली घडण किती बिघडली ते पाहून एक ते पाच आकडा द्यायचा. तिनात ग्रंथींची वर्तुळे वेगवेगळी ओळखू येतात, चारात ती एकमेकांत मिसळतात, पाचात वर्तुळच उरत नाही. जी घडण सर्वांत जास्त, तिचा आकडा आधी; उरलेल्यांतली जी सर्वांत वाईट, तिचा मागून. म्हणजे माझ्याकडे राज्य तिनाचे होते, चार हा पाहुणा. '४+३' असते तर काळजी अधिक. बायॉप्सीत एक आणि दोन हे आकडे आता सहसा देतच नाहीत. म्हणून बेरीज सहा ही मधली नव्हे, पहिली पायरी. हा घोटाळा टाळण्यासाठी २०१४ मध्ये तज्ज्ञांनी पाच गट ठरवले. सहा पहिल्या गटात, माझे सात दुसऱ्यात, उलटे सात तिसऱ्यात.

"म्हणजे किती वर्षे?" मी विचारले.

"ते या एका कागदावरून सांगता येत नाही. रक्तातले पीएसए, किती तुकड्यांत रोग सापडला, बोटाने तपासताना काय लागले, हे सारे धरून अंदाज बांधायचा. तोही तुमच्यासारख्या पुष्कळ माणसांचा. तुमच्या एकट्याचा नव्हे."

माझी कुंडली पाहणाऱ्या एकाही ज्योतिषीबुवांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवला नव्हता.

घरी येऊन हिला सारे सांगितले. तिने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"तीन आधी आहेत ना? मग बरे," ती म्हणाली. "पण अहो, काल रात्री एकट्याने बेरीज करीत कशाला बसलात?"