आरतीला दोन्ही हात मोकळे

कट्टा, ता. मालवण

गो बाय,

चवथीला तुझा फोन आला तेव्हा आरत्या चालू होत्या, म्हणून धड बोलता आलं नाही. तू एवढंच विचारलंस, "चलतंस काय गो आता?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

चालते. घरात काठीशिवाय, अंगणात काठी घेऊन, रस्त्यावर ह्यांच्या सोबतीने. गेल्या वर्षी काजूच्या बागेत अनवाणी फिरताना तळव्यात काटा मोडला, साखरेमुळे तो दुखलाच नाही, आणि दुखलं नाही म्हणून कुणी बघितलं नाही. पुढचं सगळं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी गुडघा वाचवला, त्याची किंमत मला आता कळते. गुडघ्याखाली पाय गेला तर तेवढीच वाट चालायला साधारण पावपट ताकद जास्त लागते, गुडघ्याच्या वर गेला तर निम्म्याहूनही जास्त.

मला वाटलं होतं, नवा पाय बसवला की चालायला शिकवतील. पण आमची फिजिओथेरपीवाली मुलगी सुरुवातीचे कितीतरी दिवस पायाबद्दल बोलेचना. सगळी मेहनत पोटाची, कमरेची आणि कुल्ल्यांची. एकदा न राहवून तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू, आपण नुसते उभे असलो तरी घोटा सारखा सावरत असतो आणि तळवा खालची बातमी वर देत असतो. तुमच्या एका बाजूला आता दोन्ही नाहीत. ते काम कमरेला शिकवायचंय." तेव्हापासून मी व्यायाम चुकवला नाही.

उताणं पडायचं, टॉवेलची घट्ट गुंडाळी उरलेल्या पायाखाली ठेवायची, ती दाबून कंबर उचलायची आणि श्वास न कोंडता मनात पाच मोजायचे. दिवसातून दोनदा पालथं झोपायचं, नाहीतर बसून बसून जांघेतले स्नायू आखडतात आणि पाय मागे जातच नाही. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. हे मला आधी ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलातून आल्यावर मायेपोटी घरच्यांनी उशी दिली आणि गुडघा वाकडा राहू लागला. तो सरळ करायला महिना गेला.

मग खाटेच्या कडेला टेकू न घेता बसायचं आणि चेंडू या बाजूने त्या बाजूला न्यायचा. घरात चेंडू कुठला? मी सोललेला नारळ घेतला. उजवीकडून उचलायचा, पोट आत धरून डावीकडे ठेवायचा. पहिल्या दिवशी चौथ्या फेरीला मी नारळासकट आडवी झाले. आता चाळीस फेऱ्या होतात.

उभं राहायची वेळ आली तेव्हा तिने दोन वजनकाटे शेजारी ठेवले, एकेका पायाखाली एक. माझं वजन अठ्ठावन्न किलो. चांगल्या पायाखाली एकेचाळीस, नव्या पायाखाली सतरा! मला तर वाटत होतं मी सरळ उभी आहे. अंगाला नव्या पायाचा भरवसाच नव्हता. रोज काट्याकडे बघत थोडं थोडं अंग तिकडे टाकायचं. परवा एकतीस आणि सत्तावीस झाले.

एका रात्रीची गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. झोपेतून उठले, पाय गेलाय हे विसरून सरळ जमिनीवर टाकला आणि त्या टाक्यांवरच पडले. पाय नाही, पण त्याची बोटं अजून खाजतात, तो आहे असंच वाटतं. असं बऱ्याच जणांचं होतं, हे फिजिओवालीने नंतर सांगितलं. आधी कुणी सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून कुबडी खाटेला आडवी लावून झोपते, उठताना हात आधी तिलाच लागतो.

माझा पाय जयपूरचा आहे. 1968 साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने तो घडवला. परदेशी पायाला बूट लागायचा; हा रबराचा, वाकणारा, अनवाणी चालणारा. ओल्या खळ्यातून देवघरात जाणाऱ्या बाईला असाच पाय हवा. सुधा चंद्रन आठवते? 1981 च्या अपघातात तिचा पाय गेला आणि 1984 मध्ये ती जयपूर पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचली. 'नाचे मयूरी' बघून आपण दोघी रडलो होतो. तेव्हा मी तिच्या पायाकडे बघत होते. आता बघितला तर कमरेकडे बघेन. त्या मधल्या वर्षांत तिने काय काय केलं असेल, ते आता मला अंगाने कळतं.

चवथीला बायका फुगडी घालत होत्या तेव्हाही माझी नजर तिथेच. पाय जुळवून अंग मागे टाकतात, तेव्हा सगळा तोल कमरेतच असतो गो! इतकी वर्षं आपण फुगड्या घातल्या, पण कधी ध्यानात आलं नाही.

फिजिओवालीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काय करायचंय तुम्हाला? मी म्हटलं, चवथीच्या आरत्या उभ्याने म्हणायच्यात, टाळ्या वाजवत. टाळीला दोन्ही हात लागतात, म्हणजे कशालाच धरायचं नाही. आपल्याकडच्या आरत्या तुला ठाऊक आहेत, तास तास संपत नाहीत. पहिल्या दिवशी दोन आरत्यांनंतर खुर्ची घेतली. पाचव्या दिवशी शेवटच्या आरतीपर्यंत उभी होते. मंत्रपुष्पांजलीला घाम कानामागून ओघळत होता, हे माझ्याकडे बघत होते, मी बाप्पाकडे. संध्याकाळपर्यंत उरलेला पाय बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, म्हणून मध्येच आत जाऊन आणखी एक मोजा चढवून आले होते, तेवढंच. रात्री आरसा धरून कातडी तपासली. लाल डाग नव्हता.

आता तुझ्याकडे एक काम. मे महिन्यात तू येशील तेव्हा मला तुझ्या माहेरी यायचंय. तिथल्या चिऱ्याच्या अकरा पायऱ्यांना कठडा नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा आधी, हे मला पाठ आहे. पण धरायला काही नसलं तर उतरताना जीव घाबरतो. भावाला सांगून उजव्या हाताला पाइप बसवून घे. आणि पावसाळ्यातलं शेवाळ तोपर्यंत खरवडून काढायला सांग.

तुझी,
कट्ट्याची बाय